सूपमधला कांदा

'बॅबेट्स फीस्ट' हा डॅनिश सिनेमा मी तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून. पाऊण तासात झोप लागली. दुसऱ्यांदा लॉकडाऊनमध्ये. तेव्हा शेवटची मेजवानी बघून इतकी भूक लागली की रात्री दीड वाजता मॅगी केली. तिसऱ्यांदा या वर्षी, एका म्हाताऱ्या बाईंवर मनातल्या मनात चिडलेली असताना. हा लेख त्या तिसऱ्या वेळेबद्दल आहे.

बाई म्हणजे नगरला आमच्या मंडळीत संडे स्कूल घ्यायच्या त्या. ('मंडळी' म्हणजे चर्च. आम्ही मराठी प्रोटेस्टंट लोक इमारतीपेक्षा माणसांनाच हे नाव देतो, आणि मग त्याच माणसांशी पन्नास वर्षं भांडतो.) बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, एकट्या राहतात. माझी आजी होती तोवर दर गुरुवारी त्यांना डबा पोचवायची. आजी गेली आणि गुरुवार रिकामा झाला. मी पुण्यात नोकरीला. मग मी एक डबेवाल्या काकू शोधल्या, रोजचा डबा लावला, पैशांना ऑटो-पे लावलं आणि विषय संपवला. गुरुवारच्या जागी आठवड्याचे सातही दिवस. कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर हाताने चालणारी प्रोसेस मी ऑटोमेट केली होती, आणि मला स्वतःचं भयंकर कौतुक वाटत होतं.

नाताळला घरी गेले तेव्हा बाईंना भेटले. "डबा वेळेवर येतो ना?" मी विचारलं. म्हणाल्या, "येतो की. पण मीठ कमी असतं गं त्यात. आणि वरण रोज तेच."

मी हसले. हसून करंजी खाल्ली. रिक्षात बसल्यावर मात्र डोकं तापलं. फुकटचा डबा, वर तक्रार!

आता सिनेमा. तुम्ही पाहिला नसेल तर थोडक्यात कथा सांगते, आणि शेवटही सांगणार आहे. १९८७ चा सिनेमा आहे, स्पॉयलरची मुदत संपली.

एकोणिसाव्या शतकातलं डेन्मार्क. जुटलंडच्या किनाऱ्यावर करड्या रंगाचं छोटंसं गाव. तिथल्या एका कडक पाळकाने आपला एक पंथ उभा केलेला. पाळक वारलेत, पण त्यांच्या दोन मुली, मार्टिन आणि फिलिप्पा, अजून त्याच घरात राहतात. नावं ठेवलीत ती मार्टिन लूथर आणि फिलिप मेलांक्थॉन यांच्यावरून. यावरून घरातलं वातावरण ओळखा. दोघींनी लग्न केलं नाही. एकीवर एक तरुण लष्करी अधिकारी भाळला होता, दुसरीवर पॅरिसचा एक ऑपेरा गायक. दोघेही हात हलवत परत गेले. बहिणी गरिबांना जेवण पोचवतात, प्रार्थनेला जमणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात.

१८७१ साली, पॅरिस कम्यूनचं बंड रक्तात बुडवल्यावर, नवरा आणि मुलगा गमावलेली एक फ्रेंच बाई भर पावसात त्यांच्या दाराशी येते. बॅबेट. हातात त्या जुन्या गायकाचं पत्र. पत्रात शेवटी जाता जाता लिहिलेलं, की हिला स्वयंपाक येतो. बहिणी म्हणतात, पगार द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत. ती म्हणते, नको. आणि चौदा वर्षं राहते. मग एक दिवस तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते. ती बहिणींकडे पहिल्यांदाच काही मागते: तुमच्या वडिलांच्या शंभराव्या जयंतीचं जेवण मला करू द्या, फ्रेंच पद्धतीचं, माझ्या पैशांनी.

त्या जेवणावर जगभर लिहून झालंय. कासवाचं सूप, ब्लिनीवर कॅव्हियार, पेस्ट्रीच्या पेटीत ठेवलेले लावे, १८४५ सालची वाइन. न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंतच्या शेफनी हा मेन्यू करून पाहिला असेल. गाब्रिएल आक्सेलच्या या सिनेमाला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, डेन्मार्कचं त्या विभागातलं ते पहिलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंब आणि प्रेम या विषयावर काढलेल्या 'अमोरिस लेतित्सिया' या दस्तऐवजात याच सिनेमाचा दाखला दिला. बारा माणसं एका टेबलाभोवती, एकीने आपलं सगळं देऊन टाकलेलं, म्हणजे हे प्रभुभोजनच, असा अर्थ लावणारे लेख ढिगाने सापडतील.

या वेळी मला ते जेवण तितकंसं दिसलंच नाही. मला सूप दिसलं. कासवाचं नव्हे, आधीचं.

सिनेमाच्या पूर्वार्धात बहिणी बॅबेटला त्यांचा स्वयंपाक शिकवतात. शिळा पाव पाण्यात भिजवायचा, बिअर घालायची, शिजवायचं. तपकिरी लापशी होते. वाळवलेला मासा भिजवायचा, उकळायचा. झालं जेवण. हेच त्या खातात आणि हेच गावातल्या गरिबांना देतात. बॅबेट ऐकून घेते. स्टेफान ऑद्रान या नटीने तो क्षण कमालीचा केलाय: चेहऱ्यावर रेषही हलत नाही, पण ही बाई आत कुठेतरी किंचाळतेय हे आपल्याला कळतं.

पुढे दिग्दर्शक तिला बाजारात नेतो. ती मासेवाल्याशी घासाघीस करते. मागच्या वेळचं बेकन खवट होतं म्हणून दुकानदाराला सुनावते. माळावर जाऊन रानातला पाला गोळा करते. सूपमध्ये कांदा येतो. कुणी 'वा' म्हणत नाही, पार्श्वसंगीत चढत नाही. फक्त काही काळाने मार्टिन हिशोब करते आणि चकित होते: बॅबेट आल्यापासून खर्च वाढायच्या ऐवजी पैसे शिल्लक पडायला लागलेत!

आणि मग तो प्रसंग, जो आधी दोनदा बघताना मी सरळ गाळला होता. मेजवानीच्या तयारीसाठी बॅबेट काही दिवस गावाबाहेर जाते. बहिणी पुन्हा स्वतः रांधतात, पुन्हा डबे पोचवतात. एक म्हातारा चमचा तोंडात घालतो आणि त्याचा चेहरा पडतो.

काही सेकंदांचा शॉट असेल. मी थांबवून तीनदा पाहिला. तो चेहरा मी ओळखत होते. मीठ कमी असतं गं त्यात.

बहिणी चांगल्याच आहेत, हे आधी सांगायला हवं. सिनेमा त्यांची टिंगल करत नाही, मीही करणार नाही. पावसात, चिखलात, वर्षानुवर्षं परक्याच्या दाराशी अन्न घेऊन जाणं ही चेष्टा नाही. पण त्यांच्या दयेत समोरच्या माणसाला पोट आहे, जीभ नाही. त्यांच्या शिकवणीत चव हीच संशयाची गोष्ट आहे. मेजवानीची सामग्री घरात येते, जिवंत कासव फूत्कार टाकतं, तेव्हा मार्टिनला रात्री भीषण स्वप्न पडतं आणि सगळे म्हातारे शपथ घेतात: आपण जेवू, पण अन्नाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, जणू आपल्याला जीभ नाहीच. आता ही शपथ मागे नेऊन त्या गरिबांच्या वाडग्यांना लावून बघा. चौदा वर्षांपूर्वीपर्यंत ती त्यांच्यावर लादलेलीच होती, फक्त कुणी उच्चारली नव्हती.

बॅबेट काय करते? त्याच पैशांत, त्याच वाडग्यात, त्या माणसाला जीभ परत देते. रोज. सिनेमातलं सगळ्यात मोठं औदार्य मला दहा हजार फ्रँकचं वाटत नाही. कांद्याचं वाटतं.

यावर आमच्या मंडळीतलं कुणी म्हणेल, चव वगैरे ठीक, पण भुकेल्याला अन्न मिळणं महत्त्वाचं. मग मी योहानाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढेन. काना गावचं लग्न. येशूचा पहिला चमत्कार. तिथे कुणी उपाशी नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, नुसता द्राक्षारस संपला होता. तरी सहा दगडी रांजण भरले गेले. आणि योहान एक तपशील आवर्जून देतो: भोजनकारभाऱ्याने तो चाखला, आणि नवऱ्या मुलाला बोलावून त्याच्या चवीची तारीफ केली. तो कुठून आला हे त्या कारभाऱ्याला माहीत नव्हतं. पाणी काढणाऱ्या चाकरांना तेवढं माहीत होतं. इतकी वर्षं हा उतारा मी चमत्कार म्हणून ऐकत आले. तो चवीचाही आहे हे मला एका डॅनिश सिनेमाने सांगावं, ही जरा लाजिरवाणी गोष्ट आहे.

मेजवानीकडे वळते. तिथे मला थोडं भांडायचंय.

म्हातारे टेबलाशी बसतात तेव्हा त्यांच्यात जुनी उणीदुणी साचलेली आहेत. दोघांच्या लाकडाच्या व्यवहारात एकाने दुसऱ्याला फसवलेलं. दोन बायकांमध्ये कधीच्या चहाड्यांचं वैर. तरुणपणी पाप करून बसलेलं एक जोडपं, जे आता एकमेकांनाच दोष देतं. जेवण पुढे सरकतं तसे चेहरे सैल होतात. शँपेन पिऊन एक बाई समजते की हे काहीतरी लिंबाचं सरबत असावं. तिला मग पाणी नकोसं होतं आणि ती पुन्हा त्या 'सरबता'कडे वळते. इथे मी प्रत्येक वेळी हसते. फसवलेला म्हणतो, तू मला फसवलं होतंस. दुसरा म्हणतो, हो. आणि पहिला कबूल करतो की मीही तुला फसवलं होतं. शेवटी सगळे बाहेर पडतात आणि विहिरीभोवती हातात हात घालून फेर धरतात.

सुंदर आहे. पण या आनंदाचा अर्थ सांगायला सिनेमाला एक जनरल लागतो. तोच मार्टिनवर भाळलेला अधिकारी, लॉरेन्स ल्योवेनहिल्म, आता पदकं लावून आलेला. तो शपथेत सामील नाही, आणि तो पॅरिसच्या कॅफे आंग्लेमध्ये जेवलेला आहे. म्हणून प्रत्येक पदार्थाचं नाव, प्रत्येक वाइनचं साल तोच ओळखतो. जणू गावकऱ्यांच्या जिभेला त्याची सबटायटल्स लावलीत. मोठं भाषणही त्यालाच मिळतं. लेखिकेने तसंच लिहिलंय, पण दिग्दर्शकाला त्या सरबतवाल्या बाईवर आणखी थोडा विश्वास टाकता आला असता. तिला नाव माहीत नव्हतं, चव कळली होती. कानाचा कारभारीही त्याहून जास्त काही जाणत नव्हता.

मूळ कथा कारेन ब्लिक्सेन यांची. आयझॅक डिनसेन या टोपणनावाने त्यांनी ती इंग्रजीत लिहिली, १९५० साली ती 'लेडीज होम जर्नल' या अमेरिकन मासिकात आली आणि १९५८ मध्ये संग्रहात. (मासिकात छापून यायचं तर अन्नावर लिहा, अमेरिकनांना ते आवडतं, असं एका मित्राने सुचवलं म्हणे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत आजारपणामुळे या बाईंना स्वतःला जेमतेम काही खाता येत असे. हे कळल्यापासून ती कथा मला वेगळीच लागते.) कथेतलं गाव नॉर्वेतलं आहे, रंगीबेरंगी. सिनेमाने ते डेन्मार्कला आणून करडं केलं. हा बदल मला पटतो.

दुसरा बदल मात्र टोचतो.

शेवटी बहिणींना कळतं की बॅबेट परत जाणार नाही, कारण दहाच्या दहा हजार संपले. बारा जणांच्या कॅफे आंग्लेच्या जेवणाला तेवढेच लागतात. ती तिथे मुख्य शेफ होती. बहिणी गहिवरतात: आमच्यासाठी सगळं घालवलंस! सिनेमातली बॅबेट म्हणते की फक्त तुमच्यासाठी नाही. हळुवार उत्तर आहे, आपलेही डोळे भरून येतात. कथेतली बॅबेट इतकी मऊ नाही. ती हे 'तुमच्यासाठी' सरळ झिडकारते. मी स्वतःसाठी केलं, असं तिचं म्हणणं. एवढ्यावर ती थांबत नाही. ज्या सरदार-जनरलांनी तिची माणसं मारली, त्याच लोकांची तिला आठवण येते, कारण तिच्या कलेची किंमत त्यांनाच कळायची. ती त्यांना आनंदी करू शकायची. हे ऐकून बहिणी हादरतात. मीही हादरले.

मी ज्या घरात वाढले तिथे 'स्वतःसाठी' हा शब्द जवळजवळ शिवी होता. मदत करायची ती देवासाठी, शेजाऱ्यासाठी. त्यात तुला मजा आली तर ती मजा तपासून बघ. नोकरीला लागल्यावर वेगळाच प्रकार पाहिला. तिथे सहकाऱ्याला मदत केली की एका ॲपवर पॉइंट मिळतात आणि तिमाहीच्या शेवटी त्यांचे व्हाउचर होतात. मंडळीत आनंद संशयास्पद, कंपनीत तो बिलावर लावलेला. दोन्हीकडे चांगुलपणा केला की नोंद ठेवायची, एवढाच काय तो समान धागा. माझं ऑटो-पे या दोन्हींचं अपत्य होतं: काम झालं, नोंद झाली, मला ना पदर खोचावा लागला ना काही चाखावं लागलं.

आजी त्यागाची मूर्ती वगैरे नव्हती. गुरुवारी सकाळपासून तिच्या अंगात आल्यासारखं व्हायचं. लसूण तीच सोलणार, फोडणी तीच देणार, मटण असेल तर वाटण पाट्यावर. आईने मिक्सर पुढे केला की ती ज्या नजरेने बघायची ती नजर बॅबेटने त्या दुकानदाराला दिलेली आहे. डबा देऊन आली की रिकाम्या डब्याची वाट बघायची, आणि डबा परत आला की पहिला प्रश्न: "काय म्हणाल्या? रस्सा कसा झाला होता?" बाईंनी कधी "तिखट जास्त झालं होतं" म्हटलं की दोन दिवस फुगायची आणि पुढच्या गुरुवारी ईर्ष्येने करायची. हे ती बाईंसाठी करत होती की स्वतःसाठी? लहान असताना मला वाटायचं, आजीला मोठेपणा हवा असतो. हवा असेलही. पण बाई तिला मिठाबद्दल सांगू शकत होत्या, आणि त्यासाठी आजीने त्यांना कधी कृतघ्न ठरवलं नाही.

आमच्या नगरशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते ३६ मध्ये भागाभागाने आलेली) या सिनेमाशेजारी ठेवून वाचावीत असं मला वाटतं. रेव्हरंड टिळकांचं काळीज मोठं. मनात आलं की ते देऊन टाकणार, कुणालाही घरी घेऊन येणार. मग पुढची चूल, पांघरुणं, पोरांची पोटं हे सगळं लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. दुसऱ्या कुणी हे हुतात्म्याच्या सुरात लिहिलं असतं. लक्ष्मीबाई चिडतात, ते लपवत नाहीत, नवऱ्याची खुशाल फिरकी घेतात, आणि आलेल्या पोराला पोटाशी धरतात. शंभर वर्षांनीही ते पुस्तक हसवतं. दया आणि वैताग एकाच ताटात वाढता येतात, आणि त्याने जेवण बिघडत नाही, हे आमच्या प्रवचनांतून मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रवचनात नेहमी मरीया चांगली आणि स्वयंपाकघरात तणतणणारी मार्था चुकलेली. बॅबेट आणि लक्ष्मीबाई दोघीही मार्थाच्या बाजूच्या आहेत.

म्हणूनच सिनेमाने बॅबेटचा तो उद्धट 'स्वतःसाठी' कापायला नको होता. तो कापला की ती संत होते, आणि संतांना मीठ कमी झालं हे सांगायची कुणाची हिंमत होत नाही. कथेतली बॅबेट गर्विष्ठ आहे, तिला दाद हवी आहे, आणि तिची दया त्या गर्वातूनच येते. वाईट सूप तिच्या हातून होऊच शकत नाही, समोर सरदार असो की झोपडीतला म्हातारा.

त्या म्हाताऱ्याला मेजवानीचं बोलावणं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं आणि सुटेना. टेबलाशी पंथातली मंडळी, जनरल आणि त्याची आत्या. ज्यांच्यासाठी चौदा वर्षं कांदा घातला त्यांतलं कुणी नाही. जयंती पाळकांची, बोलावणी बहिणींची, त्यामुळे दोष बॅबेटचा नाही. पण कॅमेऱ्यालाही त्यांची आठवण होत नाही. सिनेमा या बाबतीत थोडीशी भरपाई करतो, आणि ती स्वयंपाकघरात करतो: जनरलचा गाडीवान तिथे बसून जेवतो. त्याला प्रत्येक पदार्थ मिळतो. त्याने शपथ घेतलेली नाही, त्यामुळे मनापासून मिटक्या मारतो. त्या रात्रीचं जेवण भाषणाशिवाय, अपराधाशिवाय नुसतं आवडून खाणारा तो एकटाच असावा. बॅबेट कामाच्या मधून त्याच्याकडे बघते.

सिनेमा त्याच रात्री संपतो. बाहेर बर्फ, आत भांड्यांचा ढीग. दुसऱ्या दिवशीची सकाळ आपल्याला दाखवत नाहीत. पैसे संपलेत, पाहुणे गेलेत, आणि त्या म्हाताऱ्याचा वाडगा पुन्हा रिकामा आहे. ती सकाळ मला पाहायची होती.

डबेवाल्या काकूंना मी फोन केला आणि मीठ थोडं वाढवा म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगं, ऐंशीच्या पुढच्या आहेत ना त्या? बीपी असेल म्हणून मीच कमी घालते." बाईंना बीपी आहे का, हे मला माहीत नव्हतं. पाच महिने मी त्यांचं जेवण पाठवत होते. येत्या गुरुवारी सुट्टी टाकलीये. लसूण नेणारे, पण आधी विचारणारे.